कठड्यापासून पाण्यापर्यंत

फाल्गुन लागला की माझा स्वभाव बदलतो. एरवी मी भोळी म्हणूनच ओळखली जाते. अंगणवाडीतलं पोर पोट दुखतंय म्हणालं, की मी लगेच त्याला मांडीवर घेते. पण पळस फुलला, ओढ्यातल्या डोहाचं डबकं झालं आणि दुपारच्या वाऱ्याला भाजक्या मातीचा वास यायला लागला, की माझी नजर वाकडी होते. सगळ्यात आधी आभाळाकडे. सकाळी गार झुळूक आली तर ही आत्ताच का आली, असं वाटतं. डोंगरामागून ढगाचा एखादा तुकडा वर सरकला, तर तो नुसती सावली द्यायला आला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. मोबाइलवर उद्याचं हवामान दाखवतात, ते मी बघते. मग अंगणात येऊन मुंग्या कुठल्या बाजूला चालल्यात तेही बघते. दोन्हीही फसवतात, हे माहीत असून बघते.

होळी जळाली, थंडी पळाली, असं आम्ही लहानपणी ओरडायचो. आता थंडी होळीसाठी थांबत नाही. संक्रांतीचा तिळगूळ तोंडात असतानाच ती निघून जाते, आणि एखाद्या वर्षी विसरलेली घोंगडी न्यायला यावं तशी चैत्रात दोन दिवस परत येते. मोहोर आलेल्या आंब्यालाही काही कळत नाही. तो आपला अर्धा मोहोर धरतो, अर्धा गाळतो. मला वाटतं, त्यालाही संशयानं घेरलं असावं.

माझं माहेर बोरी बुद्रुकचं, कुकडीकाठचं. तिथं पाण्याचा आवाज हा घरातल्या आवाजांपैकीच एक होता, भांड्यांच्या किंवा जात्याच्या आवाजासारखा. पाणी मोजायचं असतं, असं मला तिथं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. लग्न होऊन मी आंबेगाव तालुक्यात आले, महाळुंगे पडवळच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या वस्तीवर. वीस-बावीस घरं, आठ विहिरी आणि एक ओढा. ओढा टेकडीवरून उतरतो आणि विहिरी त्याच्या कडेकडेनं आहेत. सगळ्यात वरची हौसाबाईंची, आडाएवढी अरुंद. आमची मधली. सगळ्यात खालची गेनूअण्णांची, रुंद आणि जुनी, दगडी पायऱ्यांची. तिच्यावरूनच सगळी वस्ती प्यायचं पाणी भरते.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे, त्याच्या आधीची दोन वर्षं वाईट गेली होती. पाऊस कमी पडला असं म्हणता येत नव्हतं. पडायचा तो एकदम पडायचा. महिन्याभराचं पाणी तीन दिवसांत, बांध फोडून, वरची माती घेऊन ओढ्यानं निघून जायचं. जमिनीत मुरायला त्याला सवडच नसायची. मग महिना महिना कोरडा. दोन्ही वर्षी चैत्रात अण्णांच्या विहिरीचा तळ दिसला आणि टँकर आला. टँकरचं पाणी प्यायचं म्हणजे काय, ते ज्यानं प्यायलंय त्यालाच कळेल. त्याला गंजाचा वास असतो, आणि ते येणार की नाही याची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. बाया हंडे ओळीनं मांडून झाडाखाली बसायच्या आणि कुणाचा हंडा कुणी पुढं सरकवला यावरून तोंडं सुजेपर्यंत भांडायच्या. त्यांच्यात मीही होते.

तिसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर गेनूअण्णांनी सगळ्यांना मारुतीच्या देवळापुढं बोलावलं. अण्णा तेव्हा सत्तरीच्या आसपासचे. बोलणं कमी, पण बोलले की लोक ऐकायचे.

"पाऊस काय आपल्या हातात न्हाई," अण्णा म्हणाले. "इहिरी हायेत. कुणाच्या इहिरीत किती पाणी हाय, ते समद्या वस्तीला ठावं पायजे. झाकून ठेवलेलं पाणी आधी आटतं."

त्या दिवशी ठरलं ते असं. उन्हाळी पीक कुणी घ्यायचं नाही. रानात उभा असलेला कांदा तेवढा काढेपर्यंत जगवायचा, त्यालाही चौथ्या दिवशी दोन तास, पाळीपाळीनं पाणी. दर सोमवारी सकाळी आठही विहिरी टेप सोडून मोजायच्या आणि आकडे देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे. पाळी सोडून जो मोटर चालवील, त्याच्या मोटरचा स्टार्टर काढून पावसाळ्यापर्यंत देवळात ठेवायचा.

कुणीतरी म्हणालं, सगळ्यांनी ओझरला जाऊन विघ्नहराच्या पायावर हात ठेवून शपथ घेऊ. अण्णा म्हणाले, "देवाला कशाला साक्षीला वढतो राव? त्याला काय टेप वाचाय यायचाय व्हय?"

मोजायचं कुणी, यावर खरं घोडं अडलं. एकेक गडी पुढं यायचा आणि त्याच्या नावाला कुणीतरी नाक मुरडायचं. शेवटी अण्णांनी माझं नाव घेतलं. "अंगणवाडीच्या बाई मोजतील. पोरांची वजनं घेत्यात. कुणाच्या आईला बरं वाटावं म्हणून काटा कदी हलवला न्हाई त्यांनी."

"पर त्यांची बी इहीर हायेच की," मागून आवाज आला.

अण्णा हसले. "मंग हौसाबाईला द्या संगट. ह्या दोघी सहा वर्सं एकमेकींशी बोलत न्हाईत. एक खोटं लिवाय लागली, तर दुसरी सोडंल व्हय तिला?"

लोक हसले. मी खाली मान घातली. हौसाबाई खांबाला टेकून उभी होती, तिनं नुसता पदर सारखा केला.

आमचं वैर होतं हे खरंच. हौसाबाई धनगराची. तिच्या सासऱ्यानं वरचं मुरमाड रान घेतलं, विहीर पाडली आणि घर बांधलं. नवरा आणि दीर मोठा कळप घेऊन फिरतीवर असायचे, ती व्यायला झालेल्या मेंढ्या राखत घरी राहायची. एकदा तिच्या मेंढ्या आमच्या हरभऱ्यात शिरल्या. आमच्या मालकांनी त्यातल्या दोन धरून दिवसभर गोठ्यात डांबल्या. संध्याकाळी ती आमच्या दारात आली आणि जे बोलली ते बोलली. मीही गप्प बसले नाही. तेव्हापासून वाटेत भेटलो तर ती ओढ्याच्या पलीकडे बघायची आणि मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे.

सोमवार उजाडला की आम्ही निघायचो. सात वाजता आमच्या विहिरीपासून सुरुवात, मग खालच्या, मग वर वर चढत शेवटी तिची. दहाला मला अंगणवाडी उघडायची असायची. गवंड्याचा एक जुना टेप होता, त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. कठड्यावरून तो खाली सोडायचा, पाण्याला लागला की 'डुबुक' असा आवाज यायचा. तिथं थांबायचं आणि कठड्यापाशी आकडा वाचायचा. आकडा वाढला म्हणजे पाणी तेवढं खाली गेलं. हौसाबाईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आधी मी वाचणार. मग तुमी." मी वाचलेला आकडा तिनं मान डोलावून मान्य करायचा, ही गोष्ट तिला मंजूर नव्हती. मलाही तिचं वाचन मंजूर नव्हतं. प्रत्येक आकडा दोघींनी वेगवेगळा वाचायचा आणि मग मी वहीत टिपायचा.

विहिरीत वाकून बघायची मला त्या उन्हाळ्यात सवय लागली. प्रत्येक विहिरीचा श्वास वेगळा असतो. एकीतून शेवाळाचा गार वास वर येतो, एकीतून कुजलेल्या पानांचा. आमच्या विहिरीत सुगरणींची घरटी लोंबतात, वाकलं की सगळा थवा एकदम भुर्र होतो. अण्णांच्या विहिरीत पारवे आहेत, त्यांच्या घुमण्यानं आत कुणीतरी म्हातारं माणूस पुटपुटतंय असं वाटतं. माझ्या शेजारी हौसाबाई वाकायची. तिच्या लुगड्याला लोकरीचा आणि धुराचा वास असायचा. खाली पाण्यात आमची दोन तोंडं शेजारी शेजारी दिसायची, आणि दोन्ही तोंडं पाण्याऐवजी एकमेकींकडे बघत असायची.

तीन सोमवार सुरळीत गेले. चौथ्या सोमवारी अण्णांच्या विहिरीत नट पाण्याला लागेचना. मी टेप सोडत गेले. लागला तेव्हा हौसाबाईनं आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. एका आठवड्यात पाणी चार फूट उतरलं होतं. बाकीच्या सात विहिरी मागच्या सोमवारसारख्याच, दोन-चार बोटांच्या फरकानं.

फळ्यावर तो आकडा लिहिला त्या संध्याकाळपासून वस्तीचा रंग पालटला. चहाला बोलावणं बंद झालं. लोक एकमेकांच्या रानातून जाताना पायाखालची माती बघायचे, ओली आहे की कोरडी. कुणाच्या पाइपाला हात लावून बघायचे, गार लागतो का. पाणबुडी मोटरचा आवाज येत नाही, त्यामुळं कान देऊनही काही कळत नव्हतं. ऊन मात्र दररोज चढत होतं. कांद्याच्या पातींचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. वेळेआधीच.

मी कुणावर संशय घेतला असेल, हे सांगायला नको. वरचा अडवतो तेव्हा खालचा मरतो, ही साधी गोष्ट आहे, आणि सगळ्यात वर हौसाबाई होती. तिच्या मेंढ्यांना पाणी लागत होतं. पुढच्या सोमवारी मी तिच्या दगडी डोणीपाशी थांबले. मेंढ्या पाणी पितात त्या डोणीखालची माती चांगली हातभर ओली होती.

"मेंढ्यांना रोज किती पाणी लागतं हो?" मी विचारलं.

"तुमच्या गायला लागतं तेवढंच," ती म्हणाली. "मेंढरं काय आंगूळ करीत न्हाईत, बाई."

मी ते हसण्यावारी नेलं, पण संध्याकाळी अण्णांना जाऊन सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. अण्णा तपकीर चिमटीत धरून ऐकत राहिले आणि "बघू" एवढंच म्हणाले.

त्याच दिवसांत आमचा कांदा चांगला दिसत होता. ओढ्यापलीकडच्या रानात, शेजाऱ्यांच्या उंच मक्याच्या आड तो होता. रविवारी मी खुरपायला गेले तर वाफ्याला ओल होती. मी मालकांना विचारलं, "आपल्याला पाळी गुरुवारी होती ना? अजून ओल धरून आहे."

"खत चांगलं मुरलंय औंदा," ते म्हणाले.

मी मान डोलावली. शेणखत ओल धरतं, हे मी दहा ठिकाणी ऐकलं होतं. हातातल्या मातीचा गोळा झाला, तो मी फोडला आणि पुढच्या वाफ्याला लागले. परक्याच्या डोणीखालची ओल मला लांबून दिसली, आणि स्वतःच्या मुठीतली दिसली नाही. आज आठवलं की त्या गोळ्याचा गारवा तळहाताला लागतो.

त्यानंतरच्या सोमवारी अण्णांची विहीर आणखी उतरली. पंपाच्या तोंडाला आता हातभर पाणी राहिलं होतं. आम्ही मोजत मोजत वर हौसाबाईच्या घरापाशी पोचलो. तिची विहीर मोजून झाली आणि मी म्हणाले, "घरामागं काय आहे ते बघायचंय मला."

मला वाटलं ती चिडेल. तिनं नुसती काठी उचलली. "या की. बघा काय बघायचं ते."

घरामागं काही नव्हतं. करवंदीच्या जाळ्या, मेंढ्यांच्या लेंड्यांचा ढीग आणि वर जाणारी पायवाट. ती पुढं चालत राहिली. मी मागून. टेकडीच्या धारेवर आलो तेव्हा मला धाप लागली होती. ती थांबली, काठीवर हनुवटी टेकवली आणि खाली बघत उभी राहिली. मीही बघितलं.

इतकी वर्षं मी या वस्तीत राहते, पण ती वरून कधी पाहिली नव्हती. सगळी रानं खाली पसरलेली, जुन्या वाकळेच्या ठिगळांसारखी. गव्हाची कापलेली ठिगळं, वाळलेल्या मक्याचं एक उंच ठिगळ, आणि कांद्याची सगळी पिवळट, हळद उडालेल्या फडक्यासारखी. फक्त एक तुकडा हिरवा होता. गर्द, रसरशीत हिरवा. त्या उन्हात तो डोळ्यात खुपत होता.

"ते कुणाचं रान?" मी बोट दाखवून विचारलं.

हौसाबाई खालीच बघत होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मग मला मक्याचं उंच रान दिसलं, त्याच्या पलीकडं ओढ्याचं वळण दिसलं, आणि बांधावरची वाकडी बाभूळ दिसली. खुरपायला गेले की त्या बाभळीखालीच मी भाकरी खाते.

मी तिथंच दगडावर बसले. खालून कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणाचातरी रेडिओ लागला होता.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"झालं की पंधरा दिस. मी रोज हितं मेंढरं घिऊन येते. मला दिसणार न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून कुणी ऐकलं असतं?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "आमी मेंढरंवाली मानसं. तुमच्या मालकांनी उलटं माझंच नाव घेतलं असतं. म्हटलं, बाई किती दिस बघत न्हाई, ते बघावं. आन् बघितल्यावर काय लिवती, ते बी."

त्या दिवशी अंगणवाडीत मी पोरांना काय शिकवलं, आठवत नाही. दुपारी घरी आले तेव्हा मालक गोठ्यापाशी खुरप्याला धार लावत बसले होते.

"ओढ्यापलीकडं पाणी कधी दिलं?"

"पाळीला."

"पाळी सोडून?"

दगडावर खुरपं घासायचा आवाज थांबला. "कुणी सांगितलं? त्या हौसीनं?"

"कुणी नाही. वरून बघितलं मी. डोळ्यांनी."

ते उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. "बघितलंस तर ऐक मंग. ह्या उनात चौथ्या दिशी दोन तास पाणी म्हंजी नुसतं व्हट वलं करायचे. डोळ्यादेखत पात करपायची, आन् इहिरीत पाणी हाय ते बघत बसायचं? माझ्यानं न्हाई व्हत. मंगळवार-बुधवार तू अंगणवाडीत असती, तवा चालवतो. सोमवारपातुर इहीर परत भरती. कुणाचं काय गेलं?"

"अण्णांच्या विहिरीचं गेलं."

"ती आपल्यामुळंच गेली कशावरनं? बघितलंय का कुणी जमिनीखाली जाऊन?"

जमिनीखाली पाणी कुठून कुठं जातं, ते कुणी बघितलंय? पण त्या प्रश्नात मला एक आयती सावली दिसली. तिथं बसून राहिलं असतं तर कुणी उठवलं नसतं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "फळ्यावर तर आकडेच लिवायचेत ना? आपली इहीर सोमवारी जेवढी भरली, तेवढा आकडा लिव. त्यात खोटं काय हाय?"

तेच तर अवघड होतं. वहीत टिपलेला आमचा आकडा खरा होता. दोघींनी वाचलेला, दोघींनी मान्य केलेला. तो जसाच्या तसा लिहिला असता तर मी एक अक्षर खोटं लिहिलं नसतं. काटा न हलवताही वजन चोरता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

उन्हं कलली तशी मी देवळापाशी गेले. लोक आकड्यांची वाट बघत पारावर बसले होते. हौसाबाई टेकडीवरून उतरून आली होती, एरवी ती लिहिताना कधी यायची नाही. मी आठही आकडे लिहिले. खाली थोडी जागा उरली होती. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं: आमच्या विहिरीवरून पाळी सोडून दर मंगळवारी आणि बुधवारी मोटर चालली.

खाली नाव लिहायची गरज नव्हती. तरी लिहिलं.

पारावरच्या एकानं ते मोठ्यानं वाचलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. अण्णांनी तपकीर ओढली. शिव्या येतील अशी मी वाट बघत होते, पण लोक एकेक करून उठून गेले. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर काढायला माणसं यायच्या आधीच आमच्या मालकांनी तो काढला आणि देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवला. आपल्या अंगणात चारचौघं शिरावीत, हे त्यांना सोसलं नसतं. त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणी स्वतः उठून घ्यायचे.

पुढच्या सोमवारी पहिल्या विहिरीवर वाकल्यावर मी हौसाबाईला म्हणाले, "मी अण्णांना तुमचं नाव सांगितलं होतं."

"ठावं हाय," ती टेप सोडत म्हणाली. "त्याच सांजंला अण्णा येऊन माझी डोणी बघून गेलं. हात घालून बघितली म्हाताऱ्यानं, कुठं फुटलीय का."

"माफ करा."

"आकडा वाच आधी," ती म्हणाली. मला तिनं 'तू' म्हटल्याचं घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

अण्णांची विहीर त्या आठवड्यात दोनच बोटं उतरली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. ती आमच्यामुळं उतरत होती असं कुणी सिद्ध केलं नाही, पण ती थांबली एवढं सगळ्या वस्तीनं फळ्यावर वाचलं. आमच्या रानाचा हिरवा रंग आठ दिवसांत उतरला. वाकलेल्या माना, सुकलेली पात. कांदा काढला तेव्हा लिंबाएवढाच भरला होता. लहान कांदा साठवणीच्या बराखीत जास्त टिकतो, असं लोक मला सांगायचे. मला ते समजूत घालणं वाटायचं. बराखीत तो भरताना मालकांनी एक कांदा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि ते पहिल्यांदा बोलले, "ह्याला अजून दोन पाणी पायजे व्हतं." मी म्हटलं, "हो." तेही खरंच होतं.

त्या वर्षी टँकर आला नाही. जेठ संपेपर्यंत अण्णांच्या विहिरीनं पाणी दिलं, शेवटी गढूळ, पण दिलं.

पुढच्या संक्रांतीनंतर पुन्हा बैठक बसली. तोच ठराव पुढं चालू ठेवायचा का, असं अण्णांनी विचारलं. तोच मागच्या रांगेतून आमचे मालक उठले.

"सोमवार बंद करा," ते म्हणाले. लोक वळून बघायला लागले. "सोमवारी मोजणार हे ठावं असलं की मानूस सोमवारपुरता सरळ ऱ्हातो. वार ठरवूच नका. मडक्यात चिठ्ठ्या टाका. जो वार निघंल त्या दिशी सकाळी, कुणाला न सांगता मोजा."

कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा म्हणाले, "बरूबर हाय. वाट चुकलेल्यालाच वाटा ठावं असत्यात." मालकही हसले, कान लाल होईपर्यंत. देवळात ठेवलेला स्टार्टर आदल्या पावसाळ्यातच त्यांना परत मिळाला होता.

मध्यंतरी शहरातून काही पाहुणे आले होते. बदलत्या हवामानाला गावं कशी तोंड देतात, हे बघत फिरत होते. चांगली माणसं होती, उन्हात आठही विहिरी बघत चढली-उतरली. जाताना त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्हाला कशामुळं जमलं? मी म्हटलं, पहाऱ्यामुळं. ते हसले आणि वहीत 'एकोपा' असं लिहिलं. मी ते उलट्या बाजूनं वाचलं, पण दुरुस्त करायला सांगितलं नाही. त्यांच्या वहीवर माझा काय हक्क?

यंदा बैठकीत आमची जोडी मोडली. हौसाबाई आणि मी गेली काही वर्षं एकमेकींच्या घरी जातो, तिच्या सुनेच्या बाळंतपणात मी दोन रात्री तिथं राहिले होते, आणि आमच्या रानात आता कांदा काढून झाल्यावर तिच्याच मेंढ्या बसतात. हे सगळं लोकांच्या नजरेत आलं होतं. एक जण स्पष्टच म्हणाला, "बाई, राग मानू नका. पर तुमचं दोघींचं आता लई जमतंय. मोजायला तुमी दोघी संगट नगं." मला क्षणभर लागलं. मग पटलं. मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. आता माझ्याबरोबर अण्णांची सून असते. तिचं आणि माझं पाणी भरण्यावरून गेल्या दिवाळीत वाजलंय.

परवा मडक्यातून बुधवार निघाला. आम्ही दोघी न बोलता सात विहिरी मोजून वर गेलो. हौसाबाई अंगणात उभी होती. मोजणाऱ्यांशिवाय कुणी विहिरीजवळ यायचं नाही, या नियमाप्रमाणं ती लांबच राहिली. मी टेप सोडला. डुबुक. अण्णांच्या सुनेनं आकडा वाचला, मी वाचला. मागच्या खेपेपेक्षा पाणी चार बोटं जास्त उतरलं होतं. वरच्या या लहान विहिरीला चार बोटं म्हणजे कमी नव्हे.

मी हौसाबाईकडे बघितलं. उन्हामुळं तिनं कपाळावर हात धरला होता, त्यामुळं डोळे दिसत नव्हते.

"परत मोज," ती म्हणाली.

परत मोजलं. आकडा तोच.

"मेंढ्या व्याल्यात," ती म्हणाली. "पाजणाऱ्या मेंढीला दुप्पट पाणी लागतं."

"किती व्याल्या?"

"चौदा. तीन जुळी हायेत."

अण्णांची सून वही उघडून माझ्याकडे बघत होती. आकडा लिहून निघालो असतो तर तिनं काही म्हटलं नसतं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, आणि हौसाबाई माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त वेळा चुलीपाशी बसलेली आहे. मी टेप गुंडाळला, अंगण ओलांडलं आणि कोकरांना जाळीनं कोंडलं होतं तिथं गेले. कोकरं एका जागी थांबत नाहीत. ती एकमेकांखालून जात होती, आयांच्या पोटाशी धडका देत होती. पहिल्यांदा सोळा झाली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, एकेकाला बोट दाखवत, मोठ्यानं. हौसाबाई जाळीच्या पलीकडं येऊन उभी राहिली होती. ती मला मदत करत नव्हती आणि घाईही करत नव्हती.

सतरा भरली.

अण्णांच्या सुनेनं आकडा लिहिला, आणि हौसाबाई चहाचं आधण ठेवायला आत गेली.